सगळेच बरोबर सांगतात, मग ऐकू कुणाचं?

"मॅडम, चुकीचं कुणीच सांगत नाही. पण सगळ्यांचं करायचं तर दिवस पुरत नाही. आणि एखादं राहिलं की वाटतं, माझ्यामुळेच हा मागे पडतोय."

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाली आणि तोल यांत येणारी अडचण) आणि फिट्स असलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या आईचं हे बोलणं. थोड्याफार फरकाने हेच मी किती पालकांकडून ऐकते! (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

या मुलासाठी न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर), हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे), स्पीच थेरपिस्ट (बोलणं आणि गिळणं पाहणारे) आणि शाळेतल्या विशेष शिक्षिका होत्या. सगळे आपापल्या कामात चोख, पण एकमेकांशी कधी बोललेले नाहीत. एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचं काम आईकडे आलेलं.

मी तिला आदल्या दिवसाचं वेळापत्रक कागदावर लिहायला सांगितलं. उठल्यावर पाय ताणण्याचे व्यायाम. मग नीट बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या घासांनी भरवणं. यातच पाऊण तास. पायाला स्प्लिंट, म्हणजे पाय नीट धरून ठेवणारा आधार. शाळेतून आल्यावर स्टँडिंग फ्रेम (आधार देऊन उभं करणारी चौकट), हातांचे व्यायाम, चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवण्याचा सराव, पुन्हा पाय ताणणं. तिच्या स्वतःच्या जेवणाची वेळ त्या कागदावर नव्हती. मोठ्या मुलीचा उल्लेख एकाच ठिकाणी होता : "स्प्लिंट धरायला तिला बोलावलं."

त्यातच नवी काळजी सुरू झाली होती. मुलाची लाळ वाढली होती, जेवताना ठसका लागत होता. स्पीच थेरपिस्टना वाटलं, अन्न आणखी मऊ करावं. वर्गात पहिले दोन तास तो पेंगतो, असा शाळेचा निरोप होता. फिजिओथेरपिस्टना वाटलं, पाठीचा तोल गेलाय म्हणजे घरी व्यायाम कमी पडतोय. प्रत्येकाने कारण आपल्याच विषयात शोधलं. मधल्या काळात फिट्ससाठी क्लोनाझेपामचा डोस वाढला होता, हे मात्र तिघांनाही माहीत नव्हतं. गुंगी, अंग सैल पडणं, लाळ वाढणं हे त्या औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. न्यूरॉलॉजिस्टना शाळेतलं पेंगणं कळलं नाही, कारण त्यांच्याकडच्या थोडक्या वेळात विषय फक्त फिट्सचा. फिट्स कमी झाल्या होत्या, म्हणून आई "बरं आहे" म्हणून परतली. तिला दोष कसा द्यायचा?

आईवडिलांची लेखी परवानगी घेऊन मी सगळ्यांची एकत्र बैठक ठरवली. दोन्ही डॉक्टरांना येणं शक्य नव्हतं, पण न्यूरॉलॉजिस्टनी आधी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि डोस हळूहळू बदलायचं ठरवलं. (फिट्सचं औषध पालकांनी स्वतःहून कधीही कमी किंवा बंद करू नये. अचानक थांबवलं तर मोठी फिट येऊ शकते.)

बैठकीत पहिला प्रश्न वडिलांना विचारला : या वर्षी तुम्हाला काय झालेलं पाहायचंय? ते म्हणाले, "मधल्या सुट्टीत त्याने बाकीच्या मुलांबरोबर बसून खावं." मग सगळ्यांची चर्चा त्याच दिशेने वळली. नीट आधार देणाऱ्या खुर्चीत बसून खाणं हाच बसण्याचा सराव झाला. 'आणखी', 'नको', 'पाणी' ही कार्डं जेवतानाच वापरायची ठरलं. पाय ताणणं कपडे बदलण्यात बसवलं. वर्गात स्प्लिंट किती वेळ ठेवायचं यावर थेरपिस्टचं आपसात एकमत होईना, आणि ती चर्चा पालकांसमोरच झाली. माझ्या मते ती तशीच व्हायला हवी. मतभेद बंद दाराआड ठेवले की पालकांच्या हाती दोन उलटसुलट सूचना येतात.

आणि मग फिजिओथेरपिस्ट आपणहून म्हणाल्या, "संध्याकाळचे व्यायाम सध्या सोडून द्या." आईचे डोळे भरून आले. काय सोडायचं, हे तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

कॅनडातले डॉक्टर पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ मध्ये अपंगत्व असलेल्या मुलांचा विचार करताना सहा गोष्टी पुढे ठेवल्या : दैनंदिन कामं, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. त्या मला फार मोलाच्या वाटतात. आपल्या फायलींमध्ये मित्र आणि मजेसाठी रकानाच नसतो.

यापुढे सगळ्यांचे निरोप विशेष शिक्षिकांकडे जमा होतील असं ठरलं, कारण मूल रोज त्यांच्या नजरेसमोर असतं. ही जबाबदारी आईवर टाकायची नाही, याबद्दल मी आग्रही होते. औषध बदलल्यावर ठसका कमी झाला, वर्गातलं पेंगणंही. हाडांच्या डॉक्टरांशी जोडणी अजून झालेली नाही. आईचा थकवाही एका बैठकीने जाणारा नाही. ती माझ्याकडे येत राहते, आणि आता मोठ्या मुलीलाही वेगळा वेळ दिला आहे.

तुमच्याकडे अशी बैठक कुणी घेत नसेल, तर पुढच्या भेटीत दोन गोष्टी मागा. नवा व्यायाम सांगितला की विचारा : "याच्यासाठी आधीचं काय कमी करू?" आणि औषध बदललं की त्याची चिठ्ठी शाळेला व थेरपिस्टना द्यायला सांगा : कोणतं औषध, कधीपासून, कशावर लक्ष ठेवायचं. दोन ओळी पुरतात, आणि त्या मागणं हा तुमचा हक्क आहे.