पेटीत सापडलेला पट

प्रश्न : आमच्या आजेसासूबाईंच्या पेटीत अधिकचिन्हाच्या आकाराचा, कापडी घरांचा एक पट, सात कवड्या आणि आठ लाकडी सोंगट्या (चार तांबड्या, चार हिरव्या) सापडल्या. घरातील मंडळी त्याला ‘पांडवांचा सारीपाट’ म्हणतात. हा तोच खेळ आहे का? यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळी माहेरी येतील तेव्हा त्यांना तो शिकवावा, अशी इच्छा आहे.
— एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : आपण छायाचित्र पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण त्यात प्रत्येक पट्ट्यावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चारही पट्ट्यांवर मिळून ९६ घरे आणि मध्यभागी मोठा चौक स्पष्ट दिसतो. काही घरांवर दोऱ्याने फुल्या घातल्या आहेत. या फुल्या आणि कवड्या पाहता आपल्या घरी या पटावर पचिशी खेळली जात असावी. सारीपाटाचा पट असाच असतो, पण तो तीन लांबट फाशांनी खेळतात. दोन फाशांवर सहा-सहा आणि तिसऱ्यावर एक पडला की ‘पौ बारा’ होई. ‘पोबारा करणे’ हा आपल्या नेहमीच्या बोलण्यातला वाक्प्रचार तिथूनच आलेला आहे.

पांडवांविषयीची श्रद्धा मी समजू शकतो. तरीही हा पट पांडवांच्या काळचा असल्याचे प्राचीन उल्लेखांवरून दिसत नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचे फासे म्हणून येतात ती बेहड्याची फळे, आपल्या सातपुड्यातही सापडतात तीच. तिथे अशा पटाचा उल्लेख नाही. सोळा सोंगट्या, तीन फासे आणि आठ-आठ घरांच्या तीन ओळी असे या पटाचे नेमके वर्णन अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त केले आहे. १६०१ मध्ये असीरगड पडून खानदेशातील फारुकी राजवट संपली, त्या मोहिमेत हा लेखक स्वतः होता.

आता खेळाकडे वळू. चार जण चार पट्ट्यांपाशी बसतात आणि समोरासमोरचे दोघे भिडू असतात. सोंगटी चौकातून निघते, आपल्या पट्ट्याच्या मधल्या ओळीने टोकाला जाते, तेथून घड्याळाच्या उलट दिशेने सर्व पट्ट्यांच्या कडेकडेने फिरते आणि पुन्हा आपल्या मधल्या ओळीने चौकात परतते. सात कवड्यांच्या रूढ मोजणीत दोन, तीन किंवा चार उताण्या पडल्यास तितकीच घरे मिळतात. एक उताणी पडल्यास दहा, पाच पडल्यास पंचवीस, सहा पडल्यास तीस, सर्व उताण्या पडल्यास चौदा आणि सर्व पालथ्या पडल्यास सात. पंचवीसच्या दानावरूनच खेळाला नाव मिळाले आहे. आपली सोंगटी असलेल्या घरात प्रतिपक्षाची सोंगटी येऊन बसली की आपली मरते आणि तिला चौकातून पुन्हा निघावे लागते. फुलीच्या घरात मात्र तिला कोणी मारू शकत नाही. त्यामुळे मोठे दान पडूनही फुली सोडावी की नाही, याचा निर्णय घेताना खरा कस लागतो. शिवाय दोन्ही भिडूंच्या आठही सोंगट्या चौकात पोहोचल्याशिवाय डाव जिंकत नाही, म्हणून स्वतः पुढे धावण्याऐवजी मागे अडकलेल्या भिडूसाठी प्रतिपक्षाची वाट रोखावी लागते. मला या खेळातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नियम घरोघरी थोडे बदलतात. आपल्याकडील एखाद्या वयस्क आत्याबाईंना निराळी मोजणी आठवत असेल, तर तीच धरावी आणि वहीत उतरवून ठेवावी.

प्रचलित पद्धतीत तांबडा व हिरवा हे रंग एका पक्षाचे, तर पिवळा व काळा दुसऱ्याचे. म्हणजे आपल्याकडे एका पक्षाचा संच संपूर्ण शाबूत आहे, हरवला आहे तो दुसऱ्या पक्षाचा. पिवळ्यांच्या जागी हळकुंडाचे चार तुकडे आणि काळ्यांच्या जागी चार चिंचोके घेतले, तर आखाजीच्या दुपारी डाव मांडता येईल.