फुलबागेतलं शून्य

प्रश्न : पुण्याहून आलेल्या भाच्याला किल्ला दाखवायला नेलं. गाइड म्हणाला, जगातलं पहिलं शून्य याच किल्ल्यावर आहे. आम्ही अख्खी दुपार वर फिरलो, शून्य काही दिसलं नाही. थाप मारली का त्यानं?
— एक वाचक, शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, तुमची गाडी उरवाई गेटनं वर गेली असणार. आपण लश्कर भागातली माणसं त्याच बाजूनं जातो. शून्य आहे पलीकडच्या अंगाला. ग्वाल्हेर गेटातून पायी चढू लागलं की वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. एकाच खडकात कोरलेलं, लहानशा खोलीएवढं. आतल्या भिंतीवर विक्रम संवत 933चा, म्हणजे इसवी सन 876चा संस्कृत लेख आहे.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, पोरांना तिथं कितीदा नेलं. दर वेळी तेच, “सर, एवढंसंच?” खरंच एवढंसंच आहे. शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान, जरा वर सरकलेलं गोल.

गंमत लेखात काय आहे त्याची. ना गणित, ना तत्त्वज्ञान. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी 270 हात, रुंदी 187 हात. हात दीड फुटाचा धरला तर अडीच एकरांहून थोडी जास्तच. शिवाय माळ्यांनी देवाला रोज 50 माळा द्यायच्या. झालं. त्या 270 आणि 50 मधली ही शून्यं. म्हणजे कोरणाऱ्याला त्यात काही नवल वाटलेलं नाही; हिशेबात शून्य लिहायची सवय तोवर मुरलेली होती. गणिती ब्रह्मगुप्तानं तर सन 628 मध्येच शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगून ठेवले होते.

म्हणून ‘जगातलं पहिलं’ ही मात्र गाइडची फोडणी. कंबोडियात मेकाँगकाठच्या एका शिलालेखात शके 605, म्हणजे सन 683, असं साल आहे. त्यातलं शून्य ठिपक्याचं आहे. आपलं गोल आहे, आजच्यासारखं, आणि भारतात दगडावर कोरलेल्या, साल पक्कं असलेल्या शून्यांत जुनं. मला तेवढं पुरतं.

भाचा परत आला की सकाळी उन्हाच्या आत पायी चढा. बॅटरी न्या, गाभाऱ्यात अंधार असतो. दाराला कुलूप असलं तर चौकीदाराला हाक मारा. आणि भाच्याला आधी 270 शोधायला सांगा.