अविवाहित आर्चबिशपचे राजघराणे

प्रश्न : मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याचा संस्थापक म्हणून आर्चबिशप ओत्तोने व्हिस्कोंती याचे नाव वाचले. कॅथलिक धर्मगुरूंना विवाह वर्ज्य असतो. मग त्याने घराणे कसे स्थापन केले?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. व्हिस्कोंती हे कुळ ओत्तोनेच्या आधीपासून होतेच, आणि हे आडनावही, आपल्याकडील देशमुख-कुलकर्ण्यांप्रमाणे, ‘उप-काउंट’ अशा अर्थाच्या हुद्द्यावरून पडलेले आहे. ओत्तोनेने या कुळाला शहराची सत्ता मिळवून दिली, म्हणून त्याला संस्थापक म्हणतात.

पोप चौथा अर्बन याने १२६२ मध्ये त्याला मिलानचा आर्चबिशप नेमले खरे, परंतु शहर देला तोर्रे घराण्याच्या मुठीत असल्यामुळे जवळजवळ पंधरा वर्षे त्याला स्वतःच्याच धर्मपीठावर बसता आले नाही. अखेर जानेवारी १२७७ मध्ये देझिओ येथे त्याने शत्रूला गाठले. त्यांचा प्रमुख नापोलेओने पकडला गेला आणि पुढच्याच वर्षी कोमोजवळच्या बारादेल्लो किल्ल्यात, पिंजऱ्यात कोंडलेल्या अवस्थेत मरण पावला. धर्मगुरूच्या विजयाला हा शेवट शोभत नाही, पण त्या काळच्या इटलीत हे नवल नव्हते.

खरी मेख पुढे आहे. आर्चबिशपचे पद वारशाने देता येत नसल्याने ओत्तोनेने आपल्या पुतण्याचा मुलगा मात्तेओ याच्यासाठी वेगळी, लौकिक वाट काढली. १२८७ मध्ये मात्तेओ ‘जनतेचा कप्तान’ झाला आणि १२९४ मध्ये जर्मन राजा आडोल्फ याच्याकडून त्याला राजप्रतिनिधीपद मिळाले. नेमणुकीचे पद एकाच घरात कसे मुरते, हे पेशव्यांच्या पुण्यात विस्ताराने सांगायला नको! ओत्तोने १२९५ मध्ये वारला. १३०२ मध्ये देला तोर्रेंनी मात्तेओला हाकलले, तरी सम्राटपदाच्या वाटेवर असलेल्या सातव्या हेन्रीच्या आश्रयाने काही वर्षांतच तो परतला, आणि ओत्तोनेच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १३९५ मध्ये, त्याच्या वंशातील जान गालेआत्सो याने मिलानचा ड्यूक हा किताब मिळवला. औरस पुत्र नसलेला फिलिप्पो मारिया १४४७ मध्ये मरण पावला. तीन वर्षांनी त्याचा जावई फ्रान्चेस्को स्फोर्झा मिलानचा ड्यूक झाला.