आधी मोज, मग काप

बेटा,

गाडी रॅम्पवर चढवलीस, ग्राइंडरला नवी चकती लावलीस, आणि मग मला विचारतोस, "काका, कापू का?" विचारलंस हे बरं केलंस. चकती लावायच्या आधी विचारलं असतंस तर आणखी बरं वाटलं असतं.

गिऱ्हाईक म्हणतं कॅट गेली, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धुरातलं विष मोडणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. दिवा लागला, स्कॅनरवर पी-०४३० आला, कोणीतरी त्याला व्हिडिओ दाखवला की दोन्ही कॅट काढल्या की आठ सिलिंडरची व्ही-८ मोकळी पळते. तू सांग, स्कॅनर कुठं म्हणाला कॅट गेली म्हणून? दुसऱ्या बँकेतल्या, म्हणजे सिलिंडरच्या दुसऱ्या ओळीच्या, कॅटचं काम संगणकाला कमी दिसतंय, एवढाच त्या कोडचा अर्थ. का कमी दिसतंय, हे शोधायला तर त्यानं गाडी तुझ्याकडं आणली. त्या मस्टँगच्या पाच लिटरच्या इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन बँका आहेत, दोन्हींच्या कॅट वेगळ्या. कोड एकीचा आला. मग कापायच्या दोन्ही, हे काहून?

आधी मोज, मग काप. तू माझ्याकडं होतास तेव्हा ऐकून ऐकून कंटाळला होतास, ठाऊक आहे मला. तरी पुन्हा ऐक.

इंजिन गार असताना इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या मॅनिफोल्डपासून कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरपर्यंत प्रत्येक जोड बघ. गाडी नुकतीच चालू केलेली असताना जोडांवर साबणाचं पाणी मार. बारीक फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि चांगल्या कॅटवर आळ येतो. मग दोन्ही बँकांचे फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमीजास्त करतोय ते आकडे, शेजारी शेजारी लिहून काढ. मिसिंगची, म्हणजे पेट्रोल न पेटता गेलेल्या ठोक्यांची, मोजणी बघ, सिलिंडरवार. इंजिन नीट तापल्यावर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज बघ. ते बऱ्यापैकी एका जागी टिकत असेल तर कॅट काम करतेय, सारखं खालीवर होत असेल तर शंका घ्यायची. आणि पिकअप खरंच मेला असेल तर कॅटच्या पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लाव. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर आत अडथळा आहे. हे सगळं करायला तुला एक दिवस लागेल. कापायला अर्धा तास पुरतो, म्हणूनच सगळे कापतात.

एक लक्षात ठेव. गाडी मिसिंग करत असेल तर टेस्टला नेऊन धुऱ्यावर, कुटारावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नको. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, कॅट लालबुंद होते, खालचं गवत धरायला वेळ लागत नाही.

आणि कॅट मरते ती बहुतेक वेळा अशीच. आतली सिरॅमिकची जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. ठिणगी देणारी एक कॉइल कमजोर झाली की पेट्रोल तिथं जाऊन जळतं आणि जाळी वितळते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइलमधला फॉस्फरस त्या थरावर बसतो. आता तू कॅट कापलीस तर कॉइल सुधारली का? रिंगा भरल्या का? दुखणं जिथल्या तिथं, आणि दुखणं सांगणारी वस्तू भंगारात. वर मागच्या सेन्सरला स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून लांब धरणारी नळी, लावून दिवा विझवतो म्हणतोस. गाडी बोलते तर तिचं तोंड बांधायचं, हे मी तुला शिकवलं नाही.

माझ्या उस्तादानं कॅट फोडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीची झाली. त्यातली एखादी गाडी इकडं यायची, आपल्याकडच्या पंपावर तेव्हा शिशाचंच पेट्रोल, आणि शिसं कॅट मारून टाकतं. उस्ताद सळई घालून आतली जाळी फोडायचे. त्यांच्याजवळ कारण होतं, ते गाडीच्या मालकाला समजावूनही सांगायचे. २००० मध्ये देशभरातून शिसं गेलं, ते कारणही गेलं. फोडायची सवय तेवढी उरली. तेव्हापासून चांगली कॅट काढायला आलेल्या प्रत्येकाला मी नाही म्हणत आलो.

त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या हाताखाली तयार झालेली पोरं नागपूरला जाऊन हेच कापायचं काम करतात, त्यांच्या दारात गाड्यांची रांग असते. म्हातारा अडून बसतो, असं माझ्याबद्दल बोलतात. बसतो अडून! दिवा लागला म्हणून कापायला आलेली गाडी मी मोजली आणि बिघडलेली निघाली नुसती कॉइल, असं किती वेळा झालं. ते मालक आजही माझ्याकडंच येतात. खंत एकच आहे, त्या पोरांना मी नाही म्हणायला शिकवलं, पण मोजण्याचे पैसे मागायला शिकवलं नाही. मोजायचं काम ते फुकटाचं समजले. म्हणून तर हे तुला एवढं लांबण लावून लिहितोय.

जुन्या कॅट तूच ठेव, असं गिऱ्हाईक म्हणालं, हे तू शेवटी हळूच सांगितलंस. भंगारवाला त्या धातूंचे किती देईल, याचा हिशोब तू मनात केला असशील. करू नको. त्या पैशाकडं बघून मोजलेला आकडा खरा येत नाही.

ताकदीचं म्हणशील तर बाकी सगळी गाडी कंपनीतून आली तशी असताना नुसत्या कॅट काढून मिळतं थोडं, आवाज वाढतो पुष्कळ. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. समृद्धीवर कारला मर्यादा १२० ची, ती ही गाडी आताच हसत गाठते. आणि धड कॅट तापली की धुरातलं ९० टक्क्यांहून जास्त विष तिथंच मोडते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुझं गॅरेज टिनाचं, थंडीत तू शटर अर्धं ओढून गाड्या चालू ठेवतोस, शेजारी चहाची टपरी, तिथं पोरं बसलेली. हवा काय फक्त त्या गाडीवाल्याची आहे?

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल करू देत नाही, १८२-अ मध्ये मालकाला बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीयूसीचं बघून घेऊ, असं तो म्हणतो. बघेलही तो. पण वेल्डिंग तुझ्या हातचं असेल.

मोजून कॅट खरंच मेलेली निघाली तर काप. तेवढी एकच काप, आधी ती कशानं मेली ते दुरुस्त कर, आणि त्या जागी नवी बसव. रिकामा पाइप नाही. चांगली निघाली आणि तरीही तो काढच म्हणाला, तर किल्ली त्याच्या हातात दे आणि चहा पाजून पाठव. भांडू नको.

आज त्याला फोन कर. दोन दिवस लागतील म्हणून सांग, आणि मोजणीचे पैसे आधीच ठरव. प्रेशर गेज तुझ्याकडं नाही, मला माहीत आहे. माझं दारव्ह्याहून दुपारच्या कारंजा एसटीनं पाठवतो, स्टँडवर कंडक्टरकडून घे. चकती उतरवून ठेव. दोन्ही बँकांचे आकडे वेगवेगळे लिहून मला संध्याकाळी पाठव, सिलिंडरवार मिसिंगसकट.

तुझा,
काका