पाच वर्षांच्या मुलाला शहराजवळच्या जंगलवाटेवर किती चालवावं?

जाऊन-येऊन तीन किलोमीटर आणि एकूण चढ शंभर मीटरच्या आत, पहिल्या वेळेला एवढंच ठेवा. वेळेचा अंदाज स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या 1892 च्या नियमावरून काढता येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे तुमची वाट साधारण 45 मिनिटांची. पण हा हिशोब धडधाकट मोठ्यांचा आहे. लहान मुलांसाठी तो दुप्पट करा, वर थांबे धरा, की दोन-अडीच तास सहज होतात. एक-तृतीयांश वेळ संपली की परत फिरा, अर्ध्यावर नाही. मुलं जाताना उड्या मारतात आणि दमतात ती येताना. पडतातही बहुतेक उतारावरच, कारण मांड्या थकलेल्या असतात आणि ओल्या पानांखालची मुळं दिसत नाहीत. ओलं मूळ तर दगडापेक्षाही निसरडं. उतार सुरू होण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठा बुटावर आपटत राहतो आणि मूल चालायचंच थांबतं. मोजे कोरडे हवेत, जादा जोड सोबत ठेवा. दाट झाडीत उघड्यापेक्षा लवकर अंधारतं, म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी जंगलातून बाहेर आलेलं बरं. रोज भरपूर चालणारं मूल असेल तर पाच किलोमीटरही जमतील. मात्र आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर तीनसुद्धा कमी करा.