अर्ज तिचा, आकडा तुमचा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. मुलगी यंदा बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर. मार्क उत्तम आहेत. एका नामांकित खासगी कॉलेजला १ नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजनने, म्हणजे घेतलं तर तिथेच जाईन या बोलीवर, अर्ज करायचा, असं यांचं ठाम मत आहे. अर्जासाठी तिने मराठी शाळेत लहान मुलांना 'ळ' शिकवण्यावर निबंध लिहिला होता. यांनी तो बाजूला ठेवून रोबोटिक्सवर नवा लिहून दिला, तेव्हापासून ती घरात धड बोलत नाही. उत्पन्न बऱ्यापैकी आहे, तरी फॅफ्सा (कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदतीचा फॉर्म) भरायचा का? शाळेच्या पोर्टलवर ग्रॅज्युएशनसाठी, म्हणजे शाळा पूर्ण व्हायला, आर्ट्सचे ५ क्रेडिट कमी दिसतात, ती म्हणते स्प्रिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरला, होईल. आणि नकार आले तर तिला काय सांगू?

उत्तर :

प्रिय ताई,

क्रेडिटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला काळजी त्याचीच जास्त वाटली. तिथूनच सुरुवात करते.

न्यू जर्सीत डिप्लोमासाठी, म्हणजे शाळा पास झाल्याच्या दाखल्यासाठी, किमान १२० क्रेडिट लागतात आणि नुसती बेरीज भरून चालत नाही. इंग्रजी, गणित, विज्ञान यांचे ठरलेले आहेत, तसे पीटी आणि हेल्थचे दर वर्षाचे, आर्थिक साक्षरतेचे अडीच आणि चित्र, संगीत, नृत्य, नाट्य यांपैकी कुठल्या तरी कलेचे ५. हुशार मुलांची गाडी नेमकी इथे अडते. एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय घेता घेता टाइमटेबलमध्ये जागा उरत नाही, आणि मिडल स्कूलमध्ये वाजवलेलं व्हायोलिन या हिशेबात येत नाही हे शेवटच्या वर्षी कळतं. आता 'स्प्रिंगमध्ये होईल' याचा हिशेब बघा. बहुतेक शाळांत वर्षभराच्या विषयाला ५ क्रेडिट असतात, एका सेमिस्टरच्या विषयाला अडीच. म्हणजे स्प्रिंगवर ढकललं तर तिला एकाच सेमिस्टरमध्ये कलेचे दोन विषय बसवावे लागतील. ते बसतात का, हे आजच विचारायला हवं. काही स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक मंडळं) बाहेरच्या क्लासलाही क्रेडिट देतात, पण त्याची मंजुरी आधी घ्यावी लागते.

शाळेच्या काउन्सेलरची वेळ तिनेच मागू दे, तुम्ही फक्त सोबत जा. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त असतात. त्यामुळे कुणीतरी लक्ष ठेवून असेल या भरवशावर राहू नका. आणखी एक : कलेसाठी एखादा एपी सोडावा लागला, तर अर्ज केलेल्या प्रत्येक कॉलेजला तसं कळवावं लागतं. त्यांनी तिचं वेळापत्रक पाहून निर्णय घेतलेला असतो.

आता अर्ली डिसिजन. तुमच्या यजमानांचं गणित चुकीचं नाही. बऱ्याच कॉलेजांत त्या फेरीत निवडीचं प्रमाण जास्त दिसतं. मात्र त्या आकड्यात कॉलेजच्या संघांसाठी आधीच हेरलेले खेळाडू असतात, अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात, हे लक्षात घ्या. आणि हा अर्ज म्हणजे शब्द देणं आहे. करारावर मुलगी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या होतात. डिसेंबरच्या मध्याला होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. कॉलेजकडून मिळालेली आर्थिक मदत खरोखरच अपुरी पडली तर सुटता येतं, पण चार कॉलेजांची पत्रं समोर ठेवून तुलना करायची संधी गेलेली असते. अनेक नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आज ८०,००० डॉलरच्या वर आहे. त्याला चारने गुणा आणि तो आकडा दोघांनी मिळून बघा.

माझं मत स्पष्ट सांगते. दोन अटी पुऱ्या होत असतील तरच अर्ली डिसिजन करा. पहिली, मदत एक पैसा मिळाली नाही तरी तुम्ही निवृत्तीच्या पैशाला हात न लावता ती रक्कम भरू शकता. दुसरी, ते कॉलेज तिला स्वतःला हवंय. तुमच्या पत्रात यांचं मत आहे, तिचं कुठेच नाही. एक जरी अट हुकली तरी अर्ली अ‍ॅक्शनचा मार्ग आहे. त्यात निकाल लवकर कळतो, बंधन नसतं आणि उत्तर १ मेपर्यंत देता येतं. आपल्या राज्याच्या विद्यापीठाला, रटगर्सलाही, तसा अर्ज करता येतो.

तेव्हा या शनिवारी तिला समोर बसवून खरा आकडा सांगा : वर्षाला आम्ही इतके देऊ शकतो, त्याच्यावर नाही. आपल्या घरांत मुलांसमोर पैशाचं बोलणं टाळतात, 'तू फक्त अभ्यास कर' म्हणतात. मग एप्रिलमध्ये, कॉलेज मिळाल्यावर, परवडत नाही म्हणून सांगायची वेळ येते. त्या वेळचं मुलांचं रडणं मी पाहिलंय आणि ते नकारापेक्षा वाईट असतं. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला अंदाजे किती पडेल ते सांगणारा. २०११ पासून तो कायद्याने बंधनकारक आहे. यादीतल्या प्रत्येक नावासाठी तो तिच्यासोबत भरा.

फॅफ्सा भराच. ग्रीन कार्ड असल्याने ती पात्र आहे, आणि उत्पन्न कितीही असलं तरी पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या नावावर ५,५०० डॉलरपर्यंत फेडरल कर्ज त्यातूनच मिळतं. शिवाय न्यू जर्सीत २०२५ च्या बॅचपासून ग्रॅज्युएशनसाठी फॅफ्सा भरावा लागतो, नाहीतर भरणार नसल्याचा फॉर्म शाळेला द्यावा लागतो. फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, पण तिचं आणि तुमचं अकाउंट आधीच काढून ठेवा. राहतं घर आणि ४०१-के (नोकरीतली निवृत्तीची बचत) त्यात धरत नाहीत. गावाकडे किंवा पुण्या-मुंबईला फ्लॅट असेल तर तो मात्र गुंतवणूक म्हणून दाखवावा लागतो. अनेक मराठी कुटुंबं हे विसरतात. सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजांचा मदतीसाठीचा वेगळा फॉर्म) मागणारी कॉलेजं याहून खोलात जातात, काही तर राहत्या घराचीही किंमत धरतात.

निबंधाबद्दल मात्र मला यजमानांशीच बोलायचंय. दादा, आपण बारावीच्या आणि सीईटीच्या मार्कांवर प्रवेश घेतलेली माणसं. यादी लागली, नाव दिसलं, फी भरली. आपल्याला कुणी साडेसहाशे शब्दांत 'तू कोण' असं विचारलंच नाही. म्हणून रोबोटिक्स वजनदार वाटतं आणि 'ळ' किरकोळ. रोबोटिक्स अर्जातल्या अ‍ॅक्टिव्हिटींच्या दहा ओळींत आहेच. ताईंनी तिचा मूळ मसुदा मला पत्रासोबत पाठवलाय. त्यात सहा वर्षांचा एक मुलगा 'कमल, कमल' म्हणत राहतो. ती त्याला स्वतःचं तोंड उघडून दाखवते, जीभ कशी मागे वळते ते. तीन रविवार काही होत नाही. चौथ्या रविवारी तो 'कमळ' म्हणतो, आणि मग शाळा सुटेपर्यंत भेटेल त्याला धरून म्हणत सुटतो. ती पुढे लिहिते की तोवर तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की 'ळ' म्हणताना आपली जीभ कुठे जाते, शिकवायला लागल्यावर कळलं. अहो, असं वाक्य मला वर्षभरात फार थोड्या निबंधांत सापडतं. तुम्ही लिहिलेला निबंध सफाईदार असेल, पण तो पंचेचाळिशीच्या इंजिनिअरचा आहे, आणि वाचणाऱ्यांना ते कळतं. शिवाय अर्ज करताना 'हे सगळं माझं आहे' म्हणून सही तिला करायची आहे. तिचा कागद तिला परत द्या आणि फक्त स्पेलिंग बघा, तेही तिने विचारलं तर.

शिफारसपत्रांसाठी अकरावीला शिकवलेल्या दोन शिक्षकांना तिने याच आठवड्यात समोर जाऊन विचारावं, ईमेलवर नको. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) ही पत्रं पुढे पाहण्याचा हक्क सोडण्याचा पर्याय येतो, तो निवडावा. मग कॉलेजचा पत्रावर विश्वास बसतो.

राहिला शेवटचा प्रश्न. निकाल पोर्टलवर येतात, बहुधा संध्याकाळी, आणि कोणत्या दिवशी ते आधी कळवतात. त्या दिवशी घरी पाहुणे नकोत. दार लावून एकटीने बघायचं असेल तर बघू दे. नकार आला तर 'त्यांचंच नुकसान' म्हणू नका, दुसऱ्या कुणाच्या मुलाला कुठे मिळालं तेही काढू नका. जेवायला हाक मारा, नाही आली तर ताट झाकून ठेवा. आणि त्या रात्री भारतात फोन करू नका. आजीला कधी सांगायचं, ते तिला ठरवू दे.