आजारांचा रकाना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

फोनवरून आरोग्य विमा विकण्याच्या नोकरीवर तू पुढच्या आठवड्यात रुजू होणार, हे कळले. तुझ्या पत्रातले बहुतेक प्रश्न टार्गेटविषयी आहेत. मी मात्र आधी त्या प्रश्नाविषयी लिहितो, जो स्क्रिप्टमध्ये हमखास घाईने उरकला जातो : घरात कोणाला जुना आजार आहे का?

ग्राहक सहसा सरळ ‘हो’ म्हणत नाही. ‘बीपीची एक गोळी चालू आहे, पण कंट्रोलमध्ये आहे,’ असे तो जाता जाता बोलून जातो आणि महिनाअखेरीचा आकडा डोक्यात घोळत असलेल्या टेलिकॉलरला ‘मग काही नाही असेच लिहितो’ म्हणण्याचा मोह होतो. तसे कधीही लिहू नकोस. गोळी कोणती, केव्हापासून, पूर्वी दाखल व्हावे लागले होते का, हे विचारून प्रस्ताव अर्जात नोंदव. त्यामुळे प्रीमियम वाढेल, वैद्यकीय तपासणी लागेल, क्वचित प्रस्ताव नाकारलाही जाईल. पण पॉलिसी मिळाली, तर जाहीर केलेल्या आजाराला फार तर ३६ महिन्यांनी संरक्षण मिळते (१ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती). लपवलेला आजार मात्र अँजिओप्लास्टीच्या वेळी रुग्णालयाच्या जुन्या कागदांतून बाहेर येतो. पॉलिसी सलग ५ वर्षे चाललेली नसेल, तर माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम फेटाळता येतो. ५ वर्षे झाल्यावर मात्र कंपनीला फसवणूक सिद्ध करावी लागते. शिवाय कॉल रेकॉर्ड होतो, तेव्हा ‘काही नाही असेच लिहितो’ कोण म्हणाले, हेही त्यात ऐकू येते.

रुग्णालयातल्या खोलीभाड्याची मर्यादाही अशीच घाईत सांगितली जाते. ५ लाखांच्या पॉलिसीत रोजची मर्यादा १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये असेल आणि रुग्ण १०,००० रुपयांच्या खोलीत राहिला, तर भाड्याबरोबर शस्त्रक्रियेचे शुल्क आणि डॉक्टरांची फी यांचेही निम्मेच पैसे मिळू शकतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. हा हिशेब ग्राहकाला आकडे घालूनच समजावून सांग, कारण टक्केवारी फोनवर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

‘तुमच्या कमिशनमधले थोडे परत द्या,’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार दे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार ते निषिद्ध आहे. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे जुने कोटेशन वाचून दाखवू नकोस.

दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाला पॉलिसी परत करता येते. त्या मुदतीत त्याला एकदा फोन कर, प्रस्ताव अर्जाची प्रत उघडायला लाव आणि आजारांचा रकाना मोठ्याने वाचून घे. काही चुकले असेल, तर लगेच दुरुस्तीला पाठव. हे फोन टार्गेटमध्ये धरले जात नाहीत आणि टीम लीडर कुरकुर करील, म्हणून जेवणाच्या सुट्टीआधी ते उरकत जा.

तुझा शुभचिंतक